पाच माणसं, चार सीटा, दोन दारं

प्रश्न : माझं वय 41. भोसरी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, राहायला वाकडला. कॉलेजात असल्यापासून डोक्यात एकच गाडी आहे, फोर्ड मस्टँग. होस्टेलच्या खोलीत तिचं पोस्टर होतं. आता ओळखीतल्या एकाकडे 2018 ची मस्टँग जीटी विकायला आहे. एकहाती वापरलेली, किलोमीटर कमी. पैशांची जुळवाजुळव होते आहे, पण त्यासाठी घरची इनोव्हा क्रिस्टा विकावी लागेल. सोसायटीत पार्किंगही एकच, त्यामुळे दोन गाड्या ठेवता येणार नाहीत. म्हणजे मस्टँग हीच रोजची, घरची गाडी. घरात मी, मिसेस (हिंजवडीला नोकरी, गाडी चालवते), मुलगी नऊ वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. आई सहा महिने आमच्याकडे आणि सहा महिने नाशिकला भावाकडे असते. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आहे. मिसेस म्हणते, ‘दोन दारांच्या गाडीत संसार होत नाही.’ माझं म्हणणं, परदेशात लोक वापरतातच की. मुलगा लहान आहे, अजून मांडीवर मावतो. आणखी दहा वर्षं थांबलो तर हौस तरी उरेल का? रोज वापरता येईल का, ते स्पष्ट सांगा.
— इंजिनवेडा, वाकड

उत्तर :

नमस्कार. आधी निकाल सांगते, मग कारणं. मस्टँग रोज वापरता येते. तुमच्या घरात, क्रिस्टा विकून, नाही.

मिसेसनी दारांचं नाव काढलं आणि तुम्ही वाद तिथेच घातलात. अडचण त्याच्या आधीच सुरू होते. तुमच्या पत्रात माणसं पाच आहेत आणि मस्टँगला सीटा चार. मागे मधोमध कुणाला सरकवून बसवायची सोय नाही. दोन वेगळ्या खोलगट सीटा आहेत, आणि आरसीवरही आसनक्षमता चारच असते. आई आल्या की पुढची डावी सीट त्यांची, कारण ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांनी मागे शिरणं जमायचं नाही. मागे दोन मुलं. स्टिअरिंगवर तुम्ही. मग मिसेस कुठे? सहा महिने त्यांनी स्कूटरवरून मागे मागे यायचं का? हा प्रश्न तुम्ही मला विचारला नाहीत, पण त्यांच्या मनात तो पहिल्या दिवसापासून असणार.

याचं तुमच्याकडचं उत्तर एका वाक्यात डोकावून गेलंय. मुलगा मांडीवर मावतो. तेवढं वाक्य मी दोनदा वाचलं, आणि तो विषय इथेच मिटवून टाकते. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 194 बी आलं, त्यानुसार 14 वर्षांखालचं मूल बेल्टनं किंवा चाइल्ड सीटनं बांधलेलं नसेल तर 1,000 रुपये दंड. दंड किरकोळ आहे, तो बाजूला ठेवा. पण ताशी 50 च्या वेगात गाडी कशावर आदळली, तर 14 किलोचं मूल धरून ठेवायला त्या क्षणी तीन-चारशे किलोचा जोर लागतो. तुम्ही मशीन शॉप चालवता, जोराचा हिशेब तुम्हाला मी शिकवायला नको. कुठल्याही आईच्या हातात ती ताकद नसते. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, ते महागड्या, एअरबॅगवाल्या गाडीत मागच्या सीटवर होते. बेल्ट लावलेला नव्हता. तेव्हा मांडी हा पर्याय धरायचाच नाही. मग तुमच्या घरासाठी मस्टँग वर्षातले सहा महिनेच ‘घरची गाडी’ उरते.

आता ते सहा महिने बघू. आई नाशिकला आहेत, घरात चौघं, सोमवारची सकाळ, शाळेला पंधरा मिनिटं कमी.

मस्टँग 4,784 मिलिमीटर लांब आणि आरसे सोडून 1,916 मिलिमीटर रुंद आहे. तुमची क्रिस्टा 4,735 लांब, 1,830 रुंद. म्हणजे सात-आठ माणसांची गाडी विकून चार माणसांची घेताय, आणि ती पार्किंगमध्ये जागा जास्त खाणार. सोसायटीतली जागा साधारण अडीच मीटर रुंद असते. गाडी मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना फूट-फूटभर उरतं. शेजाऱ्यानं रेषेला खेटून लावली असेल तर थोडं आणखी. एका बाजूला खांब असेल तर विचारूच नका. तुमची जागा साडेचार मीटरची, छोट्या गाडीची असेल, तर मस्टँगचं नाक बाहेरच राहील. स्टॅक पार्किंग (गाडीवर गाडी लावायचं) असेल तर पत्र्याची रुंदी आणि वजनाची मर्यादा आधी बिल्डरच्या कागदावर बघा.

त्यात कूपेचं, म्हणजे अशा दोन दारांच्या गाडीचं, दार लांबलचक असतं. चार दारांच्या गाडीचं दार जेवढ्या जागेत निम्मं उघडतं, तेवढ्यात हे जेमतेम किलकिलं होतं. त्या फटीतून आधी सीटचा खटका ओढायचा, पाठ पुढे झुकवायची. पाठ झुकते, पण अख्खी सीट पुढे सरकतेच असं नाही, मग ती वेगळी सरकवायची. पुढचा बेल्ट वाटेत आडवा लोंबत असतो, तो बाजूला. मग एक गुडघा उंबऱ्यावर टेकवून, मान खाली घालून कमरेपर्यंत आत शिरायचं आणि तीन वर्षांच्या मुलाला चाइल्ड सीटमध्ये बसवायचं. मूल शहाणं असेल तर बसतं. त्या दिवशी त्याला शाळेत जायचं नसेल, तर ते अंग काठीसारखं ताठ करतं. ते तसं ताठ असताना डोळ्यांनी न दिसणारं बक्कल बोटांनी चाचपत ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबायचं. तोवर पाण्याची बाटली सीटखाली गडगडलेली असते. मुलगी मागून म्हणत असते, ‘बाबा, मी आत कशी जाऊ?’ कारण तिचीही वाट तीच. शाळेच्या फाटकाशी हेच सगळं उलट्या क्रमानं, मागे रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून. आणि हे रोज तुम्हीच करणार आहात का? काही दिवस हिंजवडीला जायच्या कपड्यांत मिसेस करणार. एखाद्या दिवशी याची गंमत वाटेल. वर्षभर नाही.

क्रिस्टात तुमचा मुलगा आज स्वतः चढत असेल, किंवा तुम्ही उभ्या उभ्या त्याला बसवत असाल. यातलं सुख गाडी विकल्यावरच कळतं.

दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल शोरूममध्ये कुणी बोलत नाही. तुमच्या दोघांपैकी कुठल्या मुलाला गाडी लागते का? ताम्हिणीतून किंवा वरंध्यातून कोकणात उतरताना मागे बसून पाहा. मस्टँगची मागची काच लहान आहे, ती उघडत नाही. सीट खोलगट, पुढच्या सीटची पाठ उंच, म्हणजे मुलाला समोरचा रस्ता दिसतच नाही. डोळ्यांना वळण दिसत नाही आणि पोटाला ते जाणवतं, एवढं मळमळायला पुरेसं असतं. आवळासुपारी आणि आलेपाक काही वळणांपर्यंतच पुरतात. क्रिस्टात तुम्ही काच खाली करता, गाडी कडेला घेता, दार उघडून मुलाला उतरवता. कूपेत पुढच्या माणसानं आधी स्वतः उतरायचं, मग सीट झुकवायची, मग मुलाला ओढून काढायचं. तेवढा वेळ मूल देत नाही. 19 इंची रिमवरचे पातळ टायर आणि कडक सस्पेन्शन प्रत्येक खड्डा आत पोचवतात, तो त्रास वेगळाच.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण ती खरी आहे. पाच ते दहा-अकरा या वयाची मुलं कूपेच्या मागच्या सीटवर खूश असतात. ती सीट जणू त्यांच्याच मापाची असते. दोघांच्या जागा वेगळ्या, मधे उंचवटा, त्यामुळे ‘ही माझ्या बाजूला सरकते’ ही भांडणं कमी. मागे दारच नसल्यानं चालत्या गाडीत मुलानं दार उघडण्याची धास्ती नाही, चाइल्ड लॉक लावला की नाही हे आठवावं लागत नाही. उतरायचं ते डावीकडच्या पुढच्या दारातून, म्हणजे थेट फुटपाथच्या बाजूला. वर्दळीच्या रस्त्यावर हे चांगलं. डिकीही वाईट नाही. 408 लिटर आहे, आठवड्याचा किराणा आणि दोन बॅगा आरामात. तोंड मात्र अरुंद, मोठी सूटकेस आडवी-तिडवी करूनच घालावी लागते. ‘कूपे म्हणजे संसाराला कुचकामी’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी बहुधा ती कधी वापरलेली नसते. तुमच्या अडचणीचं नाव कूपे नाही. तीन वर्षांचं मूल, गुडघे दुखणारी आई आणि एकच पार्किंग हे तिन्ही एकाच घरात आलंय, ती अडचण आहे.

सुरक्षिततेचं मात्र मी सौम्य करून सांगणार नाही. जानेवारी 2017 मध्ये युरो एनकॅप या धडकेच्या चाचण्या घेणाऱ्या युरोपीय संस्थेनं मस्टँगला पाचपैकी दोन तारे दिले. मुलांच्या सुरक्षिततेचे गुण 32 टक्के. पुढून होणाऱ्या धडकेच्या चाचणीत मागच्या सीटवरचा पुतळा बेल्टखालून सरकला, कारण मागच्या बेल्टला झटक्यासरशी आवळून घेणारी यंत्रणाच नव्हती. बाजूच्या धडकेत दहा वर्षांच्या मुलाच्या मापाच्या पुतळ्याचं डोकं आतल्या भागावर आदळलं. सुधारित गाडीला त्याच वर्षी तीन तारे मिळाले. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत याच पिढीच्या मस्टँगला पाच तारे आहेत, हे तुम्ही मला लगेच ऐकवाल. बरोबर आहे. पण तिथे मागे बसलेल्या मुलांचे गुण वेगळे दिले जात नाहीत, आणि तुमच्या घरात मागे मुलंच बसणार आहेत. भारतात विकली गेलेली मस्टँग याच पिढीतली. पुढे बसणाऱ्या दोघांसाठी मी एवढी घाबरले नसते. तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे, दहाव्या वर्षाच्या पुतळ्याच्या जवळपासच.

आईंचं थोडक्यात. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टर खूप बुटक्या खुर्चीवर बसू नका म्हणून सांगतात. मस्टँगची सीट म्हणजे तेच, बुटकी खुर्ची. त्यांना बसवणं एक वेळ जमेल, उतरवताना मात्र दोन्ही हात धरून वर ओढावं लागेल. आणि गुडघ्यांचा त्रास कमी व्हावा म्हणून तर ते ऑपरेशन.

‘परदेशात लोक वापरतातच की.’ वापरतात, पण कसे ते बघा. मस्टँग 17 एप्रिल 1964 ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली, किंमत 2,368 डॉलरपासून. त्याआधी 1962 मध्ये फोर्डनं याच नावाची दोन सीटांची प्रायोगिक गाडी दाखवली होती. ली आयकोका त्या वेळी फोर्ड विभागाचे प्रमुख होते. दोन सीटांची गाडी मोजकेच लोक घेतील, मागे मुलांपुरती तरी सीट हवी, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून फाल्कन या साध्या घरगुती गाडीच्या सांगाड्यावर चार सीटांची मस्टँग उभी राहिली, आणि पहिल्या वर्षातच चार लाखांच्या वर खपली. म्हणजे मागची सीट आहे ती लोकांना ‘कुटुंब आहे तरी घेता येईल’ असं म्हणता यावं म्हणून. आणि ज्या घरांत ती गेली, त्यातल्या बऱ्याच घरांत अंगणात आणखी एक मोठी गाडी उभी असायची. आजही अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत मस्टँग दिसली, तर गॅरेजच्या दुसऱ्या बाजूला सिएना किंवा ओडिसीसारखी सात-आठ सीटांची व्हॅन बहुधा असतेच. त्यांच्याकडे गॅरेज दोन गाड्यांचं आहे. तुमच्याकडे पार्किंग एक.

आपल्याकडे दोन दारांची घरगुती गाडी हा काही नवा प्रयोग नाही, हेही लक्षात घ्या. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेरल्ड आधी दोन दारांची होती, पुढे इथल्या गिऱ्हाइकांसाठी तिला चार दारं आली. 1991 ची टाटा सिएरा आपल्या पुण्यातली, मागे न उघडणारी भली मोठी काच, दारं दोनच. दिसायला आजही तोड नाही. पण 2025 मध्ये ती परत आली तेव्हा मागे दारं घेऊनच आली. 2020 ची थार नाशिकच्या कारखान्यातली. तिच्यात मागे चढायची कसरत लोकांनी चार वर्षं हौसेनं केली आणि मागे दारं असलेली थार रॉक्स आल्यावर घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मिसेसचं वाक्य टोकाचं वाटलं तरी गाड्या बनवणाऱ्यांनी ते तीनदा ऐकलेलं आहे.

रस्त्याचं आणि खर्चाचं फार लांबवत नाही, कारण त्याचा हिशेब तुम्ही केलेलाच असणार. शहरात लिटरला पाच-सहा किलोमीटर धरा. वाकड ते भोसरी जाऊन-येऊन तीस किलोमीटर झाले तरी रोज सहाशे रुपयांचं पेट्रोल, महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास, तेही कुठेही न फिरता. सोसायट्यांनी स्वतःच्या मर्जीनं घातलेले स्पीडब्रेकर आणि बेसमेंटचा रॅम्प गाडी पोटावर घेईल, विशेषतः चार माणसं बसल्यावर. ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आता सगळीकडे आहे. 2018 च्या या इंजिनाला ते चालतं का, हे फोर्डच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या, तोंडी नको. फोर्डनं 2021 मध्ये भारतात विकायच्या गाड्यांचं इथलं उत्पादन थांबवलं. सर्व्हिस चालू आहे, पण मस्टँग आयात केलेली गाडी होती. मागचा दिवा फुटला किंवा काच तडकली तर पार्ट यायला किती दिवस लागतात, ते विचारून ठेवा. एरवी तेवढे दिवस गाडी नसली तर चालेल, पण तीच एकटी घरची गाडी असेल तर मुलं रिक्षानं जातील. आणि इंजिनाच्या 401 पीएस (अश्वशक्तीसारखंच माप) ताकदीचं काय करायचं, हाही प्रश्न आहे. द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा 100, घाटात 60, आणि वर कॅमेरे.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत खरा वाटला. दहा वर्षं थांबलो तर हौस उरेल का? हौसेला मोल नाही म्हणतात, आणि मला हौशी माणसं आवडतात. पण पोस्टरमधली गाडी हवी आहे की जोरात पळणारी, हे आधी स्वतःशी ठरवा. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

जोरात पळणारी हवी असेल, तर त्यासाठी दारं कमी करायची गरज नाही. बीएमडब्ल्यू एम340आय 2021 मध्ये इथे आली तेव्हा 387 पीएस आणि शून्य ते शंभर 4.4 सेकंदांत. मस्टँग जीटीला तेवढं जमत नाही. चार दारं, पाच सीटा, आणि जोडणी चेन्नईजवळची. सीट सेदानची, म्हणजे क्रिस्टाएवढी उंच नाही, पण आई पुढे बसू-उतरू शकतील. मागे तीन जण म्हणजे दाटी होते, तरी प्रत्येकाला बेल्ट आहे. इतकं नको असेल, तर स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 245 बघा. 2020 मध्ये फक्त 200 गाड्या आल्या, शोधावी लागेल, पण 245 पीएस आणि जवळजवळ 600 लिटरची डिकी. शाळा, किराणा, कोकण, सगळं होतं, आणि रविवारी पहाटे एकटे बाहेर पडलात तर गाडी तुम्हाला निराश करणार नाही. तुमच्या घराकडे बघून मी हीच सुचवेन. शेजाऱ्यांना ती साधी सेदान वाटेल. माझ्या मते हा तिचा गुणच आहे.

पोस्टरमधलीच हवी असेल, तर ती तुमची गाडी म्हणून घ्या, घरची म्हणून नको. त्यासाठी आधी मशीन शॉपमध्ये शेडखाली जागा आहे का बघा. तुम्ही रोज भोसरीला जाताच. तिथे सुरक्षित जागा नसेल तर सोसायटीत कुणाची रिकामी पार्किंगची जागा भाड्यानं मिळते का ते विचारा. बऱ्याच सोसायट्यांत मिळते. क्रिस्टा राहू द्या. ती विकल्याशिवाय पैसे जमत नसतील तर अजून तीन-चार वर्षं थांबा, दहा नाही. तोवर धाकटा सात वर्षांचा होईल, स्वतः चढेल, बूस्टरवर (मुलांना उंच बसवणाऱ्या गादीवर) बसेल. तेव्हा मुलगी तेराची असेल आणि तिचे पाय मागे दुमडावे लागतील, म्हणून त्या वेळीही घरात दुसरी गाडी लागेलच.

काहीही ठरवण्याआधी एक करून बघा. मालक ओळखीचे आहेत, तेव्हा नाही म्हणणार नाहीत. चाइल्ड सीट तिच्यात बसवा, मुलांना घ्या. मिसेसना चालवायला द्या आणि तुम्ही मागे बसा. वाकडहून लोणावळ्यापर्यंत जा, परत या. पुढे बसून आजवर हजार वेळा ही गाडी मनात चालवली असेल, आता मागून बघा. तुमची उंची साडेपाच फुटांच्या वर असेल तर डोकं काचेला लागेल, मान वाकडी करून बसावं लागेल. परतल्यावर मुलाला तुम्हीच उतरवा, तुमच्याच पार्किंगमध्ये, खांबाच्या बाजूनं. या फेरीनंतरही तुम्ही दोघं ‘घेऊया’ म्हणालात, तर माझं काही म्हणणं नाही. दोघं, हं. तुम्ही एकटे नाही.

घ्यायचीच ठरली तर टोकन देण्याआधी काही गोष्टी बघा. पासिंग कुठलं आहे? अशा बऱ्याच गाड्यांचं पासिंग कर वाचवायला पुदुच्चेरीसारख्या ठिकाणी केलेलं असतं. महाराष्ट्रात आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि इथला कर पुन्हा भरावा लागतो. आयात गाडीचा एकरकमी कर इथे 20 टक्के आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, पण तरी आकडा छोटा नसतो. तो सौद्यात कुणाच्या माथी येणार हे लिहून घ्या. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय पैसे देऊ नका. विम्याचे जुने क्लेम काढून बघा. गाडी लिफ्टवर चढवून पोट बघा, स्पीडब्रेकरचे ओरखडे तिथे सगळं सांगतात. डिकीत स्टेपनी आहे की नुसतं पंक्चरचं किट, तेही बघा. आणि ‘किलोमीटर कमी’ याचा फार आनंद मानू नका. कमी चाललेल्या गाडीला बहुधा मूळचेच टायर असतात. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. शेवटचे दोन 17 किंवा 18 निघाले, तर नक्षी कितीही शिल्लक असू दे, चारही टायरचे पैसे किमतीतून वजा करायला लावा.